कलाशिक्षकाची निर्मिती संशोधन केव्हा ठरते आणि ती कशी नोंदवावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. विद्यापीठाच्या कला महाविद्यालयात मुद्राचित्रण (कोरलेल्या प्लेटवरून कागदावर चित्र छापण्याची कला) शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांकडे सर्व अध्यापकांच्या संशोधनाचा आणि सर्जनशील कामगिरीचा वार्षिक अहवाल संकलित करण्याचे काम आले आहे. त्यांच्या स्वतःच्या नावावर शोधनिबंध मोजके आहेत, प्रदर्शने मात्र पुष्कळ आहेत. प्रदर्शन, नाट्यप्रयोग किंवा संगीतरचना यांना संशोधन म्हणावे का, म्हणायचे असल्यास कोणत्या आधारावर, आणि अन्य विद्याशाखांतील परीक्षकांनाही मोल कळेल अशा रीतीने हे सारे अहवालात कसे मांडावे, असे त्यांनी विचारले आहे. कला विभागात शिकवताना निवडीच्या आणि पदोन्नतीच्या समित्यांवर मी दीर्घकाळ काम केले आहे आणि अशा पुष्कळ फाइली वाचल्या आहेत. त्या अनुभवावरून हे उत्तर लिहीत आहे.

कलाकृती उत्तम असणे आणि ती संशोधन असणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. एखाद्या गायिकेची परिपक्व मैफल सर्जनशील कामगिरी म्हणून पूर्ण मानाने नोंदवावी. तिला ओढूनताणून संशोधनाचा मुलामा देण्याची काहीही गरज नाही, आणि तसा मुलामा दिला की मूळ मैफलीचेही अवमूल्यन होते. संशोधनाचा दावा तेव्हाच करावा, जेव्हा आधी उत्तर नसलेला एखादा प्रश्न हाती होता, तो निर्मितीच्या प्रक्रियेतूनच तपासला गेला, आणि निघालेले उत्तर दुसऱ्या कलावंताला किंवा अभ्यासकाला वापरता येईल अशा रूपात त्याच्यापर्यंत पोचवले गेले. यातले काहीच अहवाल लिहिण्याच्या आठवड्यात निर्माण करता येत नाही. काम चालू असताना ज्या नोंदी ठेवल्या असतील, त्यांच्यावरच हा दावा उभा राहतो किंवा कोसळतो.

या भेदाला आंतरराष्ट्रीय पातळीवर बरीच चर्चा लाभली आहे. ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनी १९९३ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टच्या शोधपत्रिकेत कलेविषयीचे संशोधन, कलेमधून होणारे संशोधन आणि कलेसाठी केलेले संशोधन अशी तीन भागांची मांडणी केली. पहिल्या प्रकाराबद्दल कोणाचाच आक्षेप नसतो. कलेचा इतिहास आणि समीक्षा त्यात येतात आणि त्यांचे फलित ग्रंथ किंवा निबंध हेच असते. खरा वाद दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराभोवती असतो. ब्रिटनमधील विद्यापीठांच्या संशोधनाचे मूल्यमापन करणाऱ्या रिसर्च एक्सलन्स फ्रेमवर्कने संशोधनाची व्याख्या ‘नवी जाण देणारी आणि परिणामकारकपणे इतरांपर्यंत पोचवलेली शोधप्रक्रिया’ अशा आशयाची केली आहे. या व्याख्येत शब्द, चित्र, ध्वनी किंवा हालचाल असा माध्यमभेद नाही, त्यामुळे तेथे प्रदर्शन आणि प्रयोगही संशोधनाचे फलित म्हणून सादर करता येतात. मात्र २०२१ च्या फेरीत अशा कामासोबत संशोधनाची बाजू स्पष्ट करणारे कमाल ३०० शब्दांचे निवेदन जोडण्याची सोय होती, आणि मौलिकता, महत्त्व व काटेकोरपणा हे निकष निबंधाप्रमाणेच त्यालाही लागू होते.

याच्या उलट, संशोधन आणि विकासाची आकडेवारी कशी गोळा करावी हे सांगणारी ओईसीडी या विकसित देशांच्या आर्थिक संघटनेची फ्रास्काती नियमावली अधिक कठोर आहे. तिच्या २०१५ च्या आवृत्तीत कार्य नवे, सर्जनशील, अनिश्चित फलिताचे, पद्धतशीर आणि हस्तांतरित किंवा पुनरावृत्त करता येण्याजोगे असावे, असे पाच निकष आहेत. कलाविष्कार नव्या ज्ञानाऐवजी नव्या अभिव्यक्तीचा शोध घेतो, म्हणून त्याचे सादरीकरण सर्वसाधारणपणे संशोधनात धरू नये, आणि अधिक पुराव्याशिवाय कला महाविद्यालये संशोधन करतात असे गृहीत धरू नये, अशी तिची भूमिका आहे. युरोपातील कलाशिक्षण संस्थांच्या संघटनांनी २०२० च्या व्हिएन्ना जाहीरनाम्यात कलात्मक संशोधनाला स्वतंत्र मान्यता मिळावी अशी मागणी केली, ती याच पार्श्वभूमीवर. माझे स्वतःचे मत असे की फ्रास्कातीचा निष्कर्ष सरसकट असला, तरी तिने मागितलेला पुरावा रास्त आहे. आपण तो देऊ शकतो. बहुतेक वेळा आपण तो ठेवलेला नसतो, एवढेच.

पुरावा म्हणजे काय हे चित्रकार आणि कलाशिक्षक जोसेफ अल्बर्स यांच्या उदाहरणाने चांगले कळते. ते १९५० मध्ये येल विद्यापीठात डिझाइन विभागाचे प्रमुख म्हणून रुजू झाले आणि त्याच वर्षी त्यांनी चौरसात चौरस बसवलेल्या चित्रांची मालिका सुरू केली, जी १९७६ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालू होती. रचना जवळजवळ स्थिर ठेवायची आणि केवळ रंग बदलायचे, म्हणजे शेजारच्या रंगामुळे एकच रंग कसा वेगळा दिसतो हे पाहता येते. शास्त्रज्ञ प्रयोगात एकच घटक बदलतो, तीच ही शिस्त होय. त्याहून मोलाची गोष्ट अशी की अल्बर्स चित्राच्या पाठीवर वापरलेल्या प्रत्येक रंगाचे नाव आणि तो बनवणाऱ्या कंपनीचे नाव लिहून ठेवत. दर्शनी बाजूला कलाकृती आणि मागच्या बाजूला तिची प्रयोगवही, असे ते फलक आहेत. वर्गात विद्यार्थ्यांकडून रंगीत कागदांवर करून घेतलेल्या सरावांतून त्यांचा रंगांच्या परस्परक्रियेवरील ग्रंथ तयार झाला आणि १९६३ मध्ये येलच्याच प्रकाशनाने तो काढला. एकाच व्यक्तीच्या अध्यापनाचा, निर्मितीचा आणि संशोधनाचा येथे सांधा जुळला आहे, आणि तो कोणत्याही रकान्यात एकट्याने मावणारा नाही.

संगीतातील जॉन चाउनिंग यांचे उदाहरण वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवावे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील या संगीतकाराला १९६७ मध्ये संगणकावर ध्वनीच्या कंपाचे प्रयोग करताना असे आढळले की एका लहरीची वारंवारता दुसऱ्या लहरीने पुरेशा वेगाने हलवली, तर कंप ऐकू न येता समृद्ध नादगुण ऐकू येतो. त्यांनी १९७२ मध्ये या तंत्रावर आधारित रचना केली आणि १९७३ मध्ये त्यावरचा निबंध ध्वनी अभियांत्रिकीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. पुढे यामाहा कंपनीने तंत्राचा परवाना घेतला आणि १९८३ मध्ये आलेला डीएक्स७ हा सिंथेसायझर जगभर वाजू लागला. ऐकणाऱ्या कानाने, संगीताच्या गरजेतून लावलेला हा शोध आहे. रचना, निबंध आणि तंत्र या तिन्ही गोष्टी अलग ठेवल्या, तर हे काम अर्धवट दिसते. एकत्र ठेवल्या, तर त्याचा प्रवास स्पष्ट दिसतो. आपल्या महाविद्यालयाच्या अहवालातही एका शोधाची अनेक फलिते एकाच नोंदीखाली आणावीत, असा माझा आग्रह त्यामुळेच आहे.

आता प्रश्नकर्त्यांच्या स्वतःच्या क्षेत्राकडे येतो, कारण तेथे गोष्टी हाताने तपासता येतात. मुद्राचित्रकार स्टॅन्ली विल्यम हेटर यांच्या पॅरिसमधील ‘आतल्ये १७’ या कार्यशाळेत कृष्णा रेड्डी, कैको मोती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच प्लेटवरून एकाच वेळी अनेक रंग छापण्याचे तंत्र विकसित केले. जास्त तेल मिसळलेली पातळ शाई कडक रोलरने प्लेटच्या उंच भागावर लावायची, मग कमी तेलाची घट्ट शाई मऊ रोलरने खोल भागापर्यंत पोचवायची. पातळ शाई जिथे आधी बसली आहे तिथे घट्ट शाई चढत नाही. रेड्डी यांनी पुढे न्यूयॉर्क विद्यापीठात हेच ज्ञान शिकवले. आज जगातल्या कोणत्याही मुद्राचित्रण विभागात हे तंत्र करून पाहता येते, म्हणजे पुनरावृत्तीचा निकष येथे पूर्ण होतो, आणि तरीही रेड्डींचा प्रिंट दुसऱ्या कोणाला काढता येत नाही. कलाकृती पुनरावृत्त होत नाही म्हणून ती संशोधन नाही, या युक्तिवादाला यापेक्षा चांगले उत्तर मला माहीत नाही.

समजा, आपण तांब्याच्या प्लेटवर फेरिक क्लोराइडने एचिंग करता, म्हणजे रसायनाने रेषा कोरता. नायट्रिक ॲसिड वापरताना निघतो तसा विषारी वायू त्यातून निघत नाही, परंतु कोरल्या जाणाऱ्या रेषेत गाळ साठतो आणि खोदकाम मंदावते. म्हणून प्लेट पालथी किंवा उभी ठेवावी लागते. १९९० च्या दशकात एडिंबराच्या मुद्राचित्रण कार्यशाळेत फ्रिडहार्ड कीकबेन यांनी या द्रावणात सायट्रिक ॲसिड मिसळून गाळाची अडचण बरीचशी दूर केली. आता आपण उलट दिशेने विचार केला: हा गाळ अडथळा न मानता, प्लेट वेगवेगळ्या कोनांत ठेवून त्याच्याकडूनच गडद ते फिकट अशी छटा मिळवता येईल का? हा प्रश्न आपल्या कामाच्या टेबलावर निर्माण झाला, आधीच्या कामाची त्याला जाण आहे, आणि त्याचे उत्तर प्लेट द्रावणात उतरवल्याशिवाय कळत नाही. संशोधन येथे सुरू झाले.

याच कामाचे निवेदन बहुतेक फाइलींत मात्र असे असते: ‘प्रस्तुत मालिकेत काळ आणि स्मृती यांच्या अमूर्त नात्याचा अंतर्मुख शोध घेण्यात आला असून ती रसिकांच्या पसंतीस उतरली.’ हे वाक्य कोणत्याही मालिकेला लावता येते, आणि म्हणून परीक्षक ते वाचून पुढे जातो. त्याऐवजी असे लिहावे: ‘फेरिक क्लोराइडमधील गाळामुळे रेषेची खोली असमान होते आणि हा सामान्यतः दोष मानला जातो. प्लेटचा कोन बदलून ही असमानता हेतुपूर्वक घडवता येते का, हे या मालिकेत तपासले. द्रावणाची तीव्रता, तापमान, ग्राउंड (प्लेटवरचा संरक्षक थर) आणि रेषेची जाडी सारखी ठेवून उताण्या, तिरप्या आणि उभ्या स्थितीतील चाचणी प्लेट तयार केल्या आणि प्रत्येकीचे प्रूफ (चाचणी छाप) एकाच प्रकारच्या कागदावर, एकाच शाईने काढले. मिळालेल्या छटांचा उपयोग मालिकेतील आकाशाच्या भागांत केला आहे. ज्या कोनात छटेवर नियंत्रण राहिले नाही, ती प्रूफेही संचात ठेवली आहेत.’ यात एकही भारदस्त शब्द नाही, तरी रसायनशास्त्राच्या अध्यापकालाही काय घडले ते समजते. फसलेली प्रूफे ठेवल्याचा उल्लेख मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण यशस्वी तेवढेच दाखवणारा पोर्टफोलिओ जाहिरातीसारखा वाटतो आणि तपासाचा विश्वास देत नाही.

यावरून नोंदींचे काय करावे हे आपोआप ठरते. प्रत्येक प्रूफच्या समासात पेन्सिलीने तारीख, द्रावण, वेळ आणि प्लेटची स्थिती लिहावी. छायाचित्र काढताना चौकटीत रंगपट्टी आणि मोजपट्टी ठेवावी व मूळ प्रतिमा टिफसारख्या दर्जा न घटणाऱ्या स्वरूपात जपावी. नाट्यप्रयोगाच्या बाबतीत आकर्षक क्षणांची जुळवलेली चित्रफीत पुरेशी नसते. प्रेक्षागृहाच्या मध्यातून स्थिर कॅमेऱ्याने घेतलेले संपूर्ण प्रयोगाचे एक चित्रण, नेपथ्याचा आराखडा, प्रकाशयोजनेची क्यूशीट (कोणता प्रकाश केव्हा बदलायचा याची यादी) आणि दिग्दर्शकाची टिपणे असलेली संहिता एवढे मिळाले, तर न पाहिलेल्या प्रयोगाविषयीही परीक्षक गंभीरपणे बोलू शकतो. हे सर्व वैयक्तिक संकेतस्थळावर ठेवू नये, कारण अशी संकेतस्थळे शुल्क भरायचे राहिले की नाहीशी होतात. विद्यापीठाच्या भांडारात ठेवून शक्य असल्यास डीओआय क्रमांक (डिजिटल फलिताचा कायमचा ओळखक्रमांक) घ्यावा आणि संशोधकांना मिळणाऱ्या ऑर्किड ओळखक्रमांकांपैकी अध्यापकाच्या क्रमांकाशी तो जोडावा. कलाकार, छायाचित्रकार आणि संगीतकार यांची लेखी परवानगी त्याच वेळी घ्यावी. नंतर माणसे पांगतात.

परीक्षणाचा मुद्दा सर्वांत नाजूक आहे. निबंधाला समकक्ष तज्ज्ञांचे परीक्षण असते, मग प्रदर्शनाला काय असते, असे इतर विद्याशाखांचे सदस्य विचारतात, आणि त्यांचा प्रश्न योग्यच असतो. उत्तर देताना कामाची निवड कोणी आणि कोणत्या पद्धतीने केली, हे स्पष्ट लिहावे. स्वतंत्र ज्युरीने अनेक प्रवेशिकांतून निवड केली, क्युरेटरने निमंत्रण दिले, संस्थेने काम घडवून घेतले, किंवा कलावंताने स्वतः दालन भाड्याने घेतले, या चार परिस्थिती भिन्न आहेत. भाड्याच्या दालनातील काम कमी प्रतीचे असते असे मुळीच नाही, परंतु ते स्वतंत्र निवडीचा पुरावा म्हणून देता येत नाही. प्रवेशशुल्क भरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला प्रमाणपत्र देणाऱ्या ‘आंतरराष्ट्रीय’ स्पर्धांविषयी मात्र मी कठोर आहे. त्या अहवालात घेऊच नयेत, कारण त्यांच्या शेजारी छापलेल्या खऱ्या सन्मानावरचाही विश्वास उडतो. जिथे निवडप्रक्रिया नव्हती पण काम महत्त्वाचे आहे, तिथे त्या माध्यमातील दोन बाहेरील जाणकारांना पूर्ण पोर्टफोलिओ आणि निवेदन पाठवून लेखी अभिप्राय मागवावा. वृत्तपत्रातील कौतुकाच्या कात्रणांपेक्षा असा एक साक्षेपी अभिप्राय अधिक उपयोगी पडतो, त्यात दोष दाखवलेले असले तरीही.

काही कामे संशोधन आणि सर्जनशील कामगिरी या दोन्ही रकान्यांत बसतात, आणि त्यांना कापून एकात बसवू नये. लंडनच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयात २०१० मध्ये स्थापन झालेला ‘फोरेन्सिक आर्किटेक्चर’ हा गट वास्तुशास्त्रीय प्रतिकृती, चित्रफिती आणि ध्वनिविश्लेषण यांच्या साहाय्याने मानवी हक्कांच्या उल्लंघनांचा तपास करतो. त्याचे काम न्यायालयांत पुरावा म्हणून सादर झाले आहे आणि २०१८ मध्ये त्याला समकालीन कलेच्या ब्रिटिश टर्नर पारितोषिकासाठी नामांकनही मिळाले होते. असे काम एकदाच नोंदवावे आणि त्याच नोंदीत त्याची दोन्ही स्थाने सांगावीत. हाच नियम फिरत्या प्रदर्शनांना आणि पुन्हा होणाऱ्या प्रयोगांना लावावा: कलाकृती एकदा, आणि तिची सादरीकरणे तिच्या खाली. एकच मालिका तीन ठिकाणी लागली म्हणून तीन कामगिऱ्या होत नाहीत.

सामूहिक कामात श्रेय नेमके लिहिणे हे संकलकाचे कर्तव्य आहे. वैज्ञानिक निबंधांसाठी क्रेडिट नावाची १४ भूमिकांची वर्गवारी वापरली जाते, परंतु तीत नेपथ्यकार, साथीदार किंवा छपाईचे कारागीर बसत नाहीत. म्हणून प्रत्येक नोंदीत एका साध्या वाक्यात संबंधित अध्यापकाने काय केले ते लिहावे. ‘नाटकात सहभाग’ या शब्दांतून काहीच कळत नाही. ‘संपूर्ण प्रकाशयोजनेची आखणी आणि तालमीतील मांडणी, प्रयोगातील संचालन सहकाऱ्याकडे’ यातून कळते. विद्यार्थ्यांनी प्लेट घासल्या, आवृत्ती छापली किंवा सरावांतून कल्पना पुढे नेली असेल, तर त्यांची नावे त्यांच्या संमतीने नोंदीत यावीत. अध्यापकाच्या कामगिरीत विद्यार्थ्याचे श्रम विरघळून जाणे हा कला महाविद्यालयांतला जुना आणि गंभीर अन्याय आहे, आणि तो थांबवण्याची सोपी जागा म्हणजे हाच अहवाल.

अहवालाच्या पहिल्या पानावर एकूण संख्यांचा तक्ता देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एक शिल्प उभे राहायला लागणारा काळ आणि एक समूहप्रदर्शन यांची बेरीज निरर्थक असते. नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून (त्यातील लेखांना सरासरी किती संदर्भ मिळतात त्या आकड्यावरून) एकेका संशोधकाचे मोल ठरवू नये, असे २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत आकाराला आलेल्या डोरा जाहीरनाम्याने वैज्ञानिकांनाच सांगितले आहे. मग आपण प्रदर्शनांची संख्या त्याच चुकीच्या कामाला लावण्याचे कारण नाही. त्याऐवजी प्रत्येक विभागाने त्या वर्षीच्या दोन किंवा तीन कामांविषयी सविस्तर निवेदन द्यावे आणि उर्वरित कामे त्यानंतर साध्या यादीत यावीत. अपूर्ण कामांनाही जागा ठेवावी. वर्षभर एकाच प्रश्नावर झटणारा अध्यापक, केवळ काही प्रदर्शित झाले नाही म्हणून, अहवालात रिकामा दिसू नये. प्रश्न कोणता आहे आणि तपास कुठवर आला आहे, हे चार ओळींत लिहिता येते.

शेवटची सूचना वेळेविषयी. माहितीपत्रक वर्षाच्या अखेरीस भरून मागण्याऐवजी सत्राच्या पहिल्या आठवड्यातच सर्वांना द्यावे आणि त्यात प्रश्न, आधीचे काम, पद्धत आणि साठवण्याची जागा असे चारच रकाने ठेवावेत. सत्राच्या मध्यावर प्रत्येक अध्यापकाशी अर्धा तास बसून ते एकदा वाचावे. त्या बैठकीत कोणत्या कामाचा संशोधन म्हणून दावा करायचा आणि कोणते काम सर्जनशील कामगिरी म्हणून मांडायचे, हे दोघांनी मिळून ठरवावे, म्हणजे उरलेल्या महिन्यांत कोणत्या नोंदी, प्रूफे आणि चित्रणे राखून ठेवायची आहेत ते अध्यापकाला काम चालू असतानाच माहीत असेल.